रॅम घासलंय, झाला

मी जे सांगत फिरलो त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. रॅम मी घासली होती, खोडरबरने. संगणक चालू झाला होता, त्याच संध्याकाळी. देवगडच्या एसटी स्टँडजवळ चहाला जमणाऱ्या मंडळींनी विचारलं, "मगे, झाला काय चालू पुतणीचा मशीन?" मी म्हटलं, "रॅम घासलंय, झाला." दोन खऱ्या गोष्टी, मध्ये एक स्वल्पविराम. खोटं बोललो असेन तर ते त्या स्वल्पविरामात.

घडलं होतं ते असं. पुतणी आर्किटेक्चर शिकते. तिच्या त्रिमितीय आराखड्यांना ताकदवान यंत्र लागतं. तयार घेण्यापेक्षा सुटे भाग आणून जोडू, हे तिचंच डोकं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय सगळं मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून कुरियरने आलं. जोडणी तिने केली. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो, कारण 2000 च्या आसपास जामसंडे-देवगडात पेंटियमची यंत्रं जोडून द्यायचं काम मी करत असे आणि ते अजून कोणी विसरलेलं नाही असा माझा समज आहे.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले आणि बूट असे. त्यातला मेमरीचा पिवळा दिवा लागून राहिला. पुतणीने माहितीपुस्तिका उघडली. त्यात लिहिलं होतं, की डीडीआर5 रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड आधी तिची चाचपणी करतो. त्याला बराच वेळ लागू शकतो, तोवर पडद्यावर काही दिसणार नाही. "काकानू, वायच थांबया," ती म्हणाली.

थांबलो असतो तर मी कसला जुना जाणता? पंखे फिरतात आणि चित्र येत नाही म्हणजे रॅम, हे मला पाठ होतं. आमच्या काळात बोर्डच बोलायचा. एक लांब आणि दोन आखूड पिपा वाजल्या तर डिस्प्ले कार्ड, लांब पीप वाजतच राहिली तर रॅम. मग रॅम काढायची, तिची सोनेरी दातरं खोडरबरने घासायची, परत बसवायची. आमच्या खाऱ्या हवेत हा उपाय खरोखर चालायचा. संपर्कावर बसलेला मळ निघायचा (सोन्याचा पातळ थरही थोडा झिजायचा, ते आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नसू). मी बटण बंद केलं, रॅम काढली, घासली. पुन्हा काळा पडदा. पुन्हा बंद, पुन्हा घासणं.

आत काय चाललं होतं ते मी नंतर वाचलं. ही नवी रॅम इतक्या वेगाने देवाणघेवाण करते, की बोर्डावरच्या तारांच्या लांबीतला किंचित फरकही महत्त्वाचा ठरतो. म्हणून बोर्ड ठरावीक नमुने रॅमकडे पाठवतो, परत वाचतो, चुकलं तर वेळ थोडी पुढेमागे करतो, आणि या प्रोसेसरचं या रॅमशी जुळेल असं माप शोधून साठवून ठेवतो. मध्येच वीज तोडली किंवा रॅम काढून लावली, की बहुधा पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे मी जितकी दुरुस्ती करत होतो तितका तो बिचारा मागे जात होता.

शेवटी मी मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला. घरात रेंज नसते, म्हणून अंगणात गेलो. खराब माल गावाकडे खपवता का, इथपर्यंत माझी मजल गेली. तो माणूस शांतपणे एवढंच विचारत होता, "थांबून पाहिलंत का?" मी अंगणात भांडत होतो तेवढा वेळ आत बटणाला कोणी हात लावला नाही. पडदा उजळला.

इथपर्यंतचा भाग सांगायला मला फारसं जड जात नाही. उतावळेपणा कबूल करणं सोपं असतं, त्यात थोडा रुबाबच असतो. अडतं ते पुढे. पडदा उजळलेला पाहिला तेव्हा मला पहिल्या क्षणी काय वाटलं? आनंद? नाही. माझा हिरमोड झाला. फोनवर मी नुकताच एका अनोळखी माणसाला चोर ठरवला होता, आणि यंत्राने त्याची बाजू घेतली होती. रॅम खरंच खराब निघाली असती तर पैसे अडकले असते, मुलीचं काम रखडलं असतं, आणि मी सुखाने झोपलो असतो. मग मला यंत्र चालू व्हायला हवं होतं, की मी बरोबर ठरायला?

संशय कोणत्या क्रमाने घेतला तेही आता आठवतं. आधी दुकानदार, मग कुरियर, मग हवा. मग, हे लिहायला नको वाटतं, पुतणी. "नीट दाबून बसवलीस ना?" असं मी तिला विचारलं होतं, आणि त्या 'ना'मध्ये जे होतं ते तिला कळलं होतं. माझा हात त्या यादीत कुठेच नव्हता.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक बांधला, त्या लोकांचं काय होत असेल? दोन हजारांहून जास्त व्हॉल्व्हचं यंत्र. आधी 1956 मध्ये छोटा नमुना चालवून पाहिला, मग पूर्ण यंत्र 1960 मध्ये कामाला लागलं. त्यातलं काही बंद पडलं की फोन कोणाला लावणार? जोडणारे तेच, तपासणारेही तेच. मला वाटतं, तिथे पहिला संशय स्वतःवर घ्यायची सवय आपोआप लागत असेल. की तिथेही एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवत असेल? माणसं आहेत, असेलही.

तो स्वल्पविराम मात्र माझा एकट्याचा नाही, असं एक लंगडं समर्थन मला सापडलं आहे. आमच्याच तालुक्यात विजयदुर्ग आहे. पाहुणे आले की मी त्यांना किल्ल्यावर नेतो, 'साहेबाचे कट्टे' दाखवतो आणि सांगतो, की 1868 च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथूनच हेलियम शोधला. ऐकणाऱ्याची छाती फुगते, सांगणाऱ्याची जास्त. प्रत्यक्षात 18 ऑगस्ट 1868 ला ते ग्रहण पाहणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. त्याने सूर्याच्या वर्णपटाचं आपलं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये तिथूनच केलं. हेलियम पृथ्वीवर हाती लागला तो 1895 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेच्या प्रयोगशाळेत. लॉकियर विजयदुर्गला आला हे मात्र खरं. तो आला 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, मेलपोमेनी या युद्धनौकेवरच्या खलाशांना निरीक्षणाच्या कामाला लावून. किल्ला खरा, साहेब खरा, ग्रहण खरं, हेलियमही खरा. नुसती तीस वर्षं आम्ही गिळली. खलाशांना दुर्बिणी धरायला शिकवणारा लॉकियर मला तर जास्त आवडतो. तरी पाहुण्यांसमोर तोंडातून येतं ते 1868.

पण हे समर्थन टिकत नाही. विजयदुर्गची गोष्ट मला आयती मिळाली, रॅमची मी स्वतः रचली, आणि तीही जिने खरं काम केलं तिच्यासमोर. कारण स्टँडवर मी ते सांगितलं तेव्हा पुतणी माझ्या शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. माझा मान राखला, की हे नेहमीचंच म्हणून सोडून दिलं? विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

त्यात भर म्हणजे आमच्यातल्या एका मास्तरांनी माझं ऐकून स्वतःचा बंद पडलेला जुना संगणक उघडला, रॅम घासली, आणि तो चालू झाला. जुन्या यंत्राचा रोग तोच होता, उपायही तोच. ते मला चहा पाजत होते आणि मी तो पीत होतो.

परवा शेवटी सांगितलं. पुतणी कॉलेजला परत गेली होती, म्हणजे धाडसही सोयीचंच. मी सगळं सांगितलं. चाचपणी, पिवळा दिवा, अंगणातलं भांडण, तिचं 'वायच थांबया'. मंडळींनी नीट ऐकून घेतलं. मग मास्तर म्हणाले, "म्हणजे घासल्यावरच झाला ना शेवटी?" सगळे हसले, विषय आंब्याच्या मोहोराकडे वळला. मी त्यांना दुरुस्त करू शकलो असतो. नाही केलं, आणि आतून थोडं बरंही वाटलं.