घरात मावत नाही ती मोकळीक

सोळा वर्षांचं पोर जेव्हा म्हणतं, ‘मला इथं गुदमरायला होतं,’ तेव्हा घरातून ठरलेली उत्तरं येतात. वय आहे, निघून जाईल. आमच्या वेळी असले लाड नव्हते. एवढं करतोय तुझ्यासाठी, तरी तुझं तोंड वाकडंच. ही उत्तरं देणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेकदा दिवसभर राबून आलेली असतात. पण एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: गुदमरतं ते नेमकं कुठे आणि किती वाजता? उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये मी बरीच वर्षं दहावी-बारावीच्या शिकवण्या घेते. हा प्रश्न मी मुलांना विचारत आले आहे. मिळालेल्या उत्तरांवरून माझी खात्री झाली आहे की वाढत्या वयाची घुसमट हा नुसता मनाचा खेळ नसतो. तिला जागा असते, वेळ असते, रस्ता असतो. म्हणूनच नुसत्या समजुतीच्या चार गोष्टी सांगून ती जात नाही.

आधी ही जागा पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली, दोन हजारांहून अधिक बराकींची. युद्ध संपलं, छावणी ओस पडली, आणि फाळणीत सिंधमधून उखडलेल्या कुटुंबांना सरकारनं याच बराकींत आणून वसवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. पत्ता मात्र आजही छावणीच्याच हिशेबानं लिहिला जातो: कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बराक नंबर, खोली नंबर. सैनिकांनी मुक्कामापुरतं राहावं म्हणून बांधलेल्या लांबलचक दालनांत मध्ये भिंती घालून खोल्या पडल्या आणि त्या खोल्यांत पिढ्या वाढल्या. पुढे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, उत्तरेतून माणसं पोटासाठी येत राहिली. मराठा सेक्शन, सुभाष टेकडी, लालचक्की अशा वस्त्या दाटत गेल्या. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती आणि क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरमागे ३८ हजारांच्या आसपास माणसं.

या आकड्याचा अर्थ घरात शिरल्यावर कळतो. माझ्याकडे येणारी अकरावीतली एक मुलगी अशाच एका खोलीत राहते. आई-वडील, आजी, धाकटा भाऊ आणि ती. आई घरी जीन्सचं धागा कटिंग करते. संध्याकाळी कारखान्यातून गठ्ठा आला की जमिनीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मग मुलगी माळ्यावर चढते. तिथं ताठ बसता येत नाही, मान वाकवून वाचावं लागतं. खाली टीव्ही, आजीचा खोकला, भिंतीपलीकडचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येणारं. दार दिवसभर उघडं, कारण उजेड आणि वारा तिथूनच येतो. लावलंच तर शेजारीण विचारते, ‘काय गं, काय झालं?’ या मुलीला लिहायला आवडतं. तिची वही घरी नसते, माझ्या कपाटात असते. घरी कुणी मुद्दाम चोरून वाचेल असं नाही, पण तिच्या नावाचा, बंद होणारा एक खणसुद्धा त्या घरात निघू शकत नाही. ती वर्गाच्या थोडी आधी येते, वही मागते, लिहिते, परत देते. मी ती उघडत नाही.

तिला काय हवं आहे, हे मी तिला विचारलं होतं. मोठं शहर, परदेश, वेगळी खोली असलं काही तिच्या तोंडून आलं नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, कुणी बघत नाहीये असा एक तास.’ वाढत्या मुलांच्या मनातल्या स्वातंत्र्याची इतकी नेमकी मागणी मी दुसरीकडे ऐकलेली नाही. या वयात माणूस स्वतःला तपासून पाहत असतो. एक मत धरतो, सोडतो; आरशासमोर बोलून बघतो; रडतो आणि कशासाठी रडलो ते त्यालाच कळत नाही. हे सगळं चार डोळ्यांसमोर होत नाही. सतत कुणीतरी पाहत असेल तर मूल स्वतःशी बोलायचं थांबतं आणि पाहणाऱ्याला आवडेल तेवढंच होऊन राहतं.

मुलग्यांची गोष्ट वरवर उलटी दिसते. त्यांना नाका आहे, श्रीराम चौक आहे, व्हीटीसी मैदान आहे, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्याची मुभा आहे. पण त्यांच्याशी जरा बसून बोललं की दुसरा पिंजरा दिसतो. दहावी झाली की काकाचं दुकान ठरलेलं, नाहीतर जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायचं ठरलेलं. घराकडे बघायचं आहे, बहिणीचं लग्न आहे, वडिलांचे गुडघे गेलेत. बारावीतला एक मुलगा मला म्हणाला होता की तो रात्री अकरापर्यंत नाक्यावर उभा राहिला तर घरी कुणी विचारत नाही, पण चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म भरायचाय हे वाक्य त्याला घरात काढता येत नाही. त्याला रस्ता मिळाला आहे, निर्णय मिळालेला नाही. मुलीला दोन्ही मिळत नाहीत.

आणि इथंच माझं मुख्य म्हणणं आहे. ज्या शहरात घरं अशी आहेत, तिथं मुलांची मोकळीक घराच्या आत तयार होऊच शकत नाही. ती घराबाहेर, सार्वजनिक जागेतच मिळू शकते: मैदानात, बागेत, वाचनालयात, अभ्यासिकेत, स्टेशनपासून घरापर्यंतच्या निर्धोक रस्त्यावर. म्हणून आपण मुलीला ‘बाहेर जाऊ नकोस’ म्हणतो तेव्हा तिच्या वाट्याची एकमेव खोलीच बंद करत असतो.

हे बंद करणं कसं घडतं, ते आपल्या पट्ट्यानं पाहिलं. आमच्या विठ्ठलवाडी स्टेशनहून तीन स्टेशनं पुढे बदलापूर. तिथल्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले आणि २० ऑगस्ट २०२४ला लोकांनी रेल्वे रुळांवर उतरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या अडवून धरल्या. तो संताप खरा होता आणि रास्तही होता. पण पुढच्या काही आठवड्यांत माझ्या वर्गात वेगळंच दिसलं. संध्याकाळच्या बॅचच्या मुली कमी झाल्या. कुणाचा कराटेचा क्लास सुटला, कुणाला मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची बंदी आली. गुन्हा चार भिंतींच्या आत, शाळेत घडला होता. शिक्षा मात्र रस्त्यावर चालणाऱ्या मुलींना झाली. या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठानं सुनावणीत ‘सातच्या आत घरात’ या २००४च्या मराठी चित्रपटाची आठवण काढून विचारलं की हा नियम मुलींनाच का, मुलांना का नाही? प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. मी त्यात एवढीच भर घालते: सातच्या आत कुणालाच घरात कोंडावं लागू नये असा रस्ता तयार करणं हे आपलं काम आहे. मुलींना आत ओढून रस्ता सुरक्षित होत नाही. त्यांच्याविना तो अधिकच ओसाड आणि अधिकच भीतीचा होतो.

सार्वजनिक जागा मुलाच्या आयुष्यात काय करू शकते, याचं उदाहरण सुभाष टेकडीवरच्या कुठल्याही घरात भिंतीवर फोटोच्या रूपात लावलेलं आहे. भीमराव आंबेडकर शाळकरी वयात परळच्या डबक चाळीत, एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच संसाराचं सामान, त्यातच झोपणं. दोघांना पुरेशी जागा नव्हती म्हणून वडील रामजी मुलाला आधी झोपवत, स्वतः जागत, रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून मग आडवे होत. मुलाच्या शिक्षणासाठी बापानं स्वतःची झोप कापून दिली, ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. तिचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथं येणारे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याच केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, आणि पुढे बडोद्याच्या महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून द्यायला तेच धावून गेले. घरात जे मिळणं शक्य नव्हतं ते बागेतल्या बाकानं दिलं: एकांत, पुस्तक आणि घराबाहेरचं एक जाणतं माणूस. वडिलांचा त्याग आणि गावाची बाग, दोन्ही लागले. आपण आईबापांकडून त्याग मागतो आणि बागेचा प्रश्न सोडून देतो.

उल्हासनगरात बागेचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बेकायदा इमारतींचा प्रश्न न्यायालयात गेला, पाडापाडीचे आदेश झाले, आणि मग २००६ मध्ये ती बांधकामं नियमित करण्यासाठी खास या एका शहरापुरता कायदा झाला. घरं वाचली, हे योग्यच झालं. राहत्या माणसांना रस्त्यावर काढून कुणाचं भलं झालं नसतं. पण त्या इमारतींच्या गर्दीत जी मोकळी जागा मुलांच्या वाट्याची होती, तिच्यासाठी असा खास कायदा करायला कुणी धावलं नाही. शेजारच्या कल्याणात सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे. महाराष्ट्रानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली केला. म्हणजे गावात वाचायला सगळ्यांसाठी जागा असावी ही कल्पना आपल्याला परकी नाही, कायद्यातही बसलेली आहे. कमी आहे ती मागणी. पाणी, गटार, पार्किंग यांवर मोर्चे निघतात; अभ्यासिकेसाठी मी मोर्चा पाहिलेला नाही.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते. आम्ही दहा जण एका घरात वाढलो, आम्हाला कुठे एकांत लागला? मला वाटतं, त्यांना तो मिळत होता, म्हणून लागल्याचं आठवत नाही. गावाकडे घर भरलेलं असलं तरी बाहेर नदी होती, बांध होता, गुरांमागचा लांबच लांब दिवस होता. मुलींना पाणवठा होता, जिथं त्या सासरचं आणि मनातलं बोलून घेत. मोठ्या माणसांची नजर पोचत नव्हती असे तास त्या आयुष्यात होते, त्यांना कुणी नाव दिलेलं नव्हतं इतकंच. शहरात आल्यावर ते तास गेले. आजच्या मुलांनी ते मोबाइलमध्ये शोधले, कारण पाच जणांच्या खोलीत तेवढा एकच कोपरा पासवर्डनं बंद होतो. आईबाप मोबाइल हिसकावतात तेव्हा मुलं एवढी का पिसाळतात, याचं उत्तर यात आहे.

आईबापांची भीती मी कमी लेखत नाही. निर्वासित म्हणून आलेल्या आजोबांनी सगळं हरवून हे घर उभं केलं; खेड्यातून आलेल्या बापानं मशीनवर डोळे घालवले. ज्यांचं एकदा सुटलं आहे ते हाती आलेलं घट्ट धरतात. म्हणूनच मुलाच्या भल्याचं आपणच ठरवावं असं त्यांना वाटतं, आणि कधी कधी तर ते मुलाला मोकळं करण्याच्या नावाखाली होतं. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांची गोष्ट या दृष्टीनं पुन्हा वाचावी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांना बायकोला शिकवायचंच होतं, आणि त्यासाठी ते तिला मारतही. तिनं अमेरिकेहून लिहिलेल्या पत्रात त्या माराची आठवण नवऱ्याला करून दिली आहे. काळाच्या पुढचा नवरा म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, पण त्या शिक्षणात तिची मर्जी सुरुवातीला कुणी विचारली नव्हती. ती स्वतंत्र दिसते ती १८८३च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात सभेसमोर उभी राहून ‘मी अमेरिकेला का जाते, एकटी का जाते’ याची कारणं स्वतःच्या तोंडानं सांगते तेव्हा. तेव्हा ती अठराचीही नव्हती. १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी वारली. आज ‘नीट दे, सायन्सच घे, बाहेर जा म्हणजे सुटशील’ असं मुलांना दामटणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. आपण निवडलेल्या दारातून ढकललेलं मूल बाहेर पडतं, पण तेवढ्यानं मोकळं होत नाही. आपलं कारण आपल्या शब्दांत सांगता येणं ही मोकळं होण्याची खूण आहे.

म्हणून मोकळीक एकदम द्यायची गोष्ट नाही आणि अडवून धरायचीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारावर भारतानं १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. त्याच्या पाचव्या कलमात आईबापांचा मार्गदर्शनाचा अधिकार मान्य केला आहे, पण मुलाची समज जसजशी वाढेल तसतसं त्या मार्गदर्शनानं बदलावं असंही म्हटलं आहे. आपल्या घरांत उलटं होतं. सहा वर्षांची मुलगी गल्लीभर हुंदडते आणि सोळाव्या वर्षी, समज आल्यावर, तिचं अंगण उंबरठ्याशी संपतं.

घरात यासाठी पैसा लागत नाही. जागा निघत असेल तर कुलूप लागणारा एक खण द्या आणि किल्ली मागू नका. दिवसातला एक तास ठरवा, ज्यात ‘कुठे होतीस’ हा प्रश्न नसेल. मुलगा कारखान्याऐवजी दुसरं काही बोलू लागला तर हिशेब मांडण्याआधी त्याचं पूर्ण ऐका. शहराकडून मात्र हट्टानं मागावं लागेल: प्रत्येक सेक्शनमध्ये रात्री नऊपर्यंत उघडी अभ्यासिका, मुलींसाठी राखीव वेळ असलेलं मैदान, विठ्ठलवाडी स्टेशनपासून वस्तीपर्यंत पूर्ण उजेड. नगरसेवक दारात येईल तेव्हा हे आईबापांनी विचारावं, आणि मुलांना शेजारी उभं करून विचारावं.

१९८९ पासून या देशात अठराव्या वर्षी मत देता येतं. देश कुणी चालवावा हे ठरवण्याची जबाबदारी आपण त्या मुलीवर टाकतो, पण आदल्या दिवसापर्यंत तिनं स्वतःचा एक तासही स्वतः ठरवलेला नसतो. निवडणं हे निवडूनच येतं. ज्या मुलांना लहान निर्णय घेऊन चुकायची, सावरायची आणि आपलं कारण सांगायची सवय नाही, ती मोठेपणी एकतर कुणाच्याही मागे जातात किंवा स्वतःच्या मुलांना तसंच कोंडून ठेवतात. कॅम्प ४ च्या मुलांची घुसमट हा म्हणूनच त्यांच्या घरांचा खासगी प्रश्न राहत नाही. तो या शहराच्या उद्याच्या नागरिकत्वाचा प्रश्न आहे, आणि त्याची जबाबदारी आज मोठ्या असलेल्या आपणा सगळ्यांवर आहे.