थेंब कुठून येतो?

सकाळी गाडी काढली की जमिनीवर ओला डाग दिसतो. आपण वरून तेल भरतो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर!

जाणता मेकॅनिक आधी गाडीखाली पुठ्ठा अंथरतो. स्वच्छ पाणी असेल तर ते बहुधा एसीचे, चिंता नको. तपकिरी-काळा थेंब बहुधा इंजिन ऑईलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा. चाकाजवळ पिवळसर, बुळबुळीत थेंब दिसला तर ते ब्रेक ऑईल असू शकते. मग गाडी चालवायचीच नाही. नंतर तो इंजिन पुसून कोरडे करतो, थोडा वेळ चालू ठेवतो आणि सर्वांत वरचा ओला भाग शोधतो. कारण तेल ओघळत खाली येते, वाऱ्याने मागे सरकते. थेंब पडतो एकीकडे, गळती असते दुसरीकडे.

आपल्या घरातही असेच होते. राग जेवणाच्या ताटावर सांडतो. उगम मात्र भावाशी वर्षानुवर्षे धरलेल्या अबोल्यात असतो. मुलांची तेवढ्यापुरती समजूत घालणे म्हणजे वरून तेल भरणे.

काही थेंब नुसत्या थकव्याचे असतात. विश्रांतीने ते थांबतात. पण सगळेच तसे नसतात. १३९ व्या स्तोत्राचा कर्ता आपले अंतःकरण तपासायला देवालाच बोलावतो. आपणही पापनिवेदनापूर्वी केवळ डाग मोजू नयेत, माग काढत उगमापर्यंत जावे. आणि ब्रेकची गळती उद्यावर ढकलू नये. याच आठवड्यात त्या भावाच्या दारी जाऊ या.