आपद्धर्माची सीमा आणि हेपारिन

हृदयाची झडप बदलताना रुग्णाचे रक्त काही काळ शरीराबाहेरील यंत्रातून फिरवावे लागते, आणि यंत्राच्या नळ्यांचा स्पर्श होताच ते गोठू लागत असल्याने त्याआधी हेपारिन हे गुठळी रोखणारे औषध शिरेतून दिले जाते. हे हेपारिन आज प्रामुख्याने डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, तर शस्त्रक्रियेनंतर त्याचा प्रभाव उतरवणारे प्रोटामिन परंपरेने सामन माशाच्या शुक्रद्रव्यातून मिळवले जाते. बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा औद्योगिक परिसरात डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेल्या नारायण हृदयालयात अशा शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येने होतात आणि तेथे देशभरातून सर्व धर्मांचे रुग्ण येतात. गळ्यात तुळशीची माळ घालून मांसाहार वर्ज्य केलेल्या माळकऱ्याने, किंवा कीटकाच्याही हिंसेस भिणाऱ्या जैन श्रावकाने, हे औषध आपल्या रक्तात कसे स्वीकारावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ काल्पनिक राहत नाही.

संकटकाळी नेहमीच्या नियमांना जी सवलत मिळते तिला आपद्धर्म म्हणतात, आणि तिची सर्वांत काटेकोर मांडणी छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाच्या कथेत सापडते. पीक बुडालेल्या कुरुदेशात उपाशी असलेल्या या ब्राह्मणाने माहुताच्या पुढ्यातले उष्टे उडीद मागून खाल्ले, मात्र त्याने पुढे केलेले पाणी उष्टे म्हणून नाकारले. उडीद मिळाले नसते तर प्राण गेले असते, पाणी मात्र अन्यत्रही मिळते, असे कारण त्याने दिले. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात प्राणसंकटातील अन्नाची चर्चा याच कथेच्या आधाराने येते. या कथेचे मोल सवलतीपेक्षा तिच्या सीमेत अधिक आहे, कारण निषिद्ध वस्तू घेण्याची मुभा पर्याय नसेल तेथपर्यंतच चालते आणि पर्याय दिसताच संपते. इस्लामी धर्मशास्त्रातील ‘जरूरत’ ही संकल्पनाही गरजेपुरतीच सूट देते.

ही कसोटी लावली तर हेपारिनचे उत्तर सर्वत्र एकच येत नाही. हृदय उघडून करायच्या शस्त्रक्रियेत त्याला तितकाच भरवशाचा, सहज उतरवता येणारा पर्याय नेहमीच्या वापरात नाही. पायाच्या शिरेतील गुठळीवर मात्र फोंडापॅरिनक्स हे पूर्णतः कृत्रिम औषध अनेक रुग्णांना देता येते. झडपेची निवड याहून अवघड असते. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून बनवलेली झडप घेतली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बहुधा काही महिन्यांनी थांबवता येतात, पण ती कालांतराने झिजते. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेने विकसित केलेल्या झडपेसारखी यांत्रिक झडप घेतली तर प्राण्याचा अंश टळतो, पण वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमारॉलची गोळी जन्मभर चुकत नाही.

या निवडीआधी रुग्णाला सर्व सांगावे काय? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्याच्या रुग्णाला कावळ्याचे मांस तित्तिराच्या नावाने द्यावे, म्हणजे किळस येऊन तो ते टाकणार नाही, असा सल्ला आहे, आणि तो लपवाछपवीचा आधार म्हणून पुढे करता येईल. परंतु चरकापुढे प्रश्न किळसेचा होता, व्रताचा नव्हता. उषस्तीला आपण काय खातो आहोत हे पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्याला सीमा आखता आली. ज्याला औषधाचे मूळ सांगितलेलेच नाही, त्याच्याकडून आपद्धर्म पाळला गेला असे म्हणता येत नाही, त्याच्या व्रताचा निर्णय दुसऱ्यानेच परस्पर केलेला असतो. माहिती मिळाल्यावर एखादा नकार देईल ही भीती खरी आहे, पण तो नकारही त्याचाच असतो.

लपवाछपवीस आणखी एक आक्षेप आहे आणि तो निव्वळ व्यवहारातला आहे. वॉरफॅरिन ‘क’ जीवनसत्त्वाच्या नव्हे तर ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते, आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ दर्शवणारे आयएनआर हे माप यांत्रिक मिट्रल झडपेच्या रुग्णात साधारण २.५ ते ३.५ दरम्यान राखावे लागते. ते घसरले तर झडपेवर गुठळी धरू शकते, चढले तर मेंदूत वा आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. पालक, मेथी, अळू यांत हे जीवनसत्त्व भरपूर असल्याने त्या भाज्या बंद कराव्यात असे नाही, प्रमाण सारखे ठेवावे. एका एकादशीने सहसा फारसे बिघडत नाही, तरी त्या दिवशीही गोळी घ्यायचीच असते. चातुर्मासात एकभुक्त राहण्याचा संकल्प मात्र आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा लागतो. गावच्या वैदूचा काढा, दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, चुकलेली मात्रा, काळपट शौच, डोक्याला लागलेला मार, यांतले काहीही रुग्णाने दडवले की उपचार धोक्यात येतो, आणि ज्या डॉक्टराने औषधाचे मूळ दडवले त्याच्याशी मोकळेपणाने बोलण्याचे रुग्णाला काही कारण उरत नाही. बेळगाव-निपाणीकडचा झडप बदललेला माळकरी आषाढीच्या वारीला निघणार असेल, तर अनेक दिवसांच्या वाटचालीत जेवण बदलणार, पायाला जखमा होणार आणि रक्तचाचणी लांबणार, हे त्याने निघण्याआधी सांगितले तरच चाचणीची तारीख पुढेमागे करून देता येते.