फसलेल्या चोरीची पुण्याई

गुन्हेगार सुधारतो अशी गोष्ट सांगताना सिनेमा सहसा दोन सोप्या वाटा धरतो : पश्चात्तापाचं भाषण, नाहीतर बेड्या. अमेरिकेत १९३४पासून सेन्सॉरची संहिता कडक झाली आणि गुन्ह्याला शिक्षा दाखवणं निर्मात्यांना भागच पडलं. ब्रिटनच्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्येही (१९५१) मजेमजेत सोनं लुटणारा कारकून शेवटी बेड्यांतच दिसतो. मारिओ मोनिचेल्लीच्या ‘इ सोलिती इन्योती’त (१९५८) मात्र ना कुणी रडून कबुली देतो, ना चोरांच्या टोळीने केलेल्या फसलेल्या घरफोडीबद्दल कुणाला अटक होते. तरीही माणूस सुधारू शकतो हे इथे जास्त पटतं. माझ्या मते, त्याचं श्रेय या चोरांच्या अडाणीपणाला आहे.

ज्यूल्स दासँच्या ‘रिफिफी’तला (१९५५) दरोडा अर्ध्या तासाच्या आसपास, एकही शब्द न उच्चारता चालतो, बघणाऱ्याला त्या कसबाचीच भुरळ पडते. मोनिचेल्लीने टर उडवली ती या कसबाची. निष्णात चोराला सुधारायचं तर हातातली कला टाकावी लागते; मोनिचेल्लीच्या टोळीकडे टाकण्यासारखं काही नाहीच. कोसिमो सरकारी गहाणखात्याच्या खिडकीतून पिस्तूल रोखतो, तर आतल्या कारकुनाला वाटतं गिऱ्हाईक वस्तू गहाण ठेवायला आलंय. तो पिस्तूल हातात घेतो, उलटसुलट करून पारखतो आणि शांतपणे किंमत सांगतो. तिबेरिओची बायको चोरट्या सिगारेटींपायी तुरुंगात, त्यामुळे तान्ह्या पोराला सांभाळतच त्याला दरोड्याचे बेत ऐकावे लागतात. (मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने इतका गांजलेला बाप क्वचितच रंगवला असेल.) शेवटी तिजोरी गाठायला भिंत फोडतात तीही चुकीची. पलीकडे तिजोरीऐवजी, ज्या घरात शिरले त्याच घराचं स्वयंपाकघर निघतं आणि मंडळी तिथला काबुली चण्यांचा पास्ता खायला बसतात. युद्धानंतरच्या रोममधल्या या बेकारांसाठी चोरी म्हणजे मिळेल ते करण्यापैकीच एक काम; तेही जमत नाही, इतकंच.

यावर कुणी म्हणेल, ही सुधारणा कसली, हा तर निव्वळ नाइलाज! टोळीतल्या पेप्पेकडे पाहिलं तर आक्षेप खरा वाटतो. पोलिसांची नजर चुकवायला तो मजुरांच्या घोळक्यात शिरतो आणि घोळकाच त्याला बांधकामाच्या फाटकातून आत रेटतो. त्याचा साथीदार, म्हातारा कापान्नेल्ले बाहेरून ओरडत राहतो, अरे, तुला कामाला लावतील! पण टोळीतल्याच मारिओचं काय? कार्मेलिना नावाच्या मुलीवर जीव जडल्यावर तो टोळी सोडतो आणि सिनेमागृहात नोकरी धरतो, तेही भिंत फुटायच्या आधी, लूट हाताशी आल्यासारखी वाटत असताना. त्याला कुणी रेटलेलं नाही.

विनोदी सिनेमा गुन्ह्याला फार स्वस्तात माफ करतो, हा दुसरा आक्षेप. पण इथे कोसिमो एका बाईची पर्स हिसकावताना ट्रॅमखाली येऊन मरतो, आणि दिग्दर्शक त्यावर हसण्याची सोय ठेवत नाही. उरला खरा अवघड प्रश्न : १९५९मध्ये नान्नी लॉयने काढलेल्या पुढच्या भागात पेप्पे पुन्हा चोरीकडे वळतो. मग पहिल्या चित्रपटाचा शेवट खोटा ठरला का? मला नाही वाटत. फाटकातून आत गेलेला माणूस जन्मभर आतच राहील, अशी हमी मोनिचेल्लीने दिलीच कुठे होती? त्याने दाखवला तो फक्त पहिल्या दिवसाचा मजूर. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं की नाही, हे पेप्पेचं पेप्पेलाच ठरवायचं होतं.