लोकरुचीचा धनी कोण?

'लोकांस हेच रुचते, त्याला आम्ही काय करणार?' हे वाक्य हल्ली जितके कानी पडते तितके दुसरे क्वचितच पडत असेल. नाटकाचा निर्माता ते म्हणतो, चित्रपटाचा म्हणतो, विसर्जनाच्या मिरवणुकीत छाती दडपून टाकणारे ध्वनिक्षेपक लावणारे मंडळही तेच म्हणते. या वाक्याची सोय अशी, की ते उच्चारणारास कसलाच दोष लागत नाही. लोकरुची ही जणू आकाशातून पडणारा पाऊस, आणि आपण केवळ छत्री उघडणारे! ही समजूत खरी आहे काय, आणि खरी नसल्यास तिच्या आड लपणे नीतीस धरून आहे काय, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विचारास निमित्त झाले ते असे. परवा आमच्या काही विद्यार्थ्यांत 'बीटल्स' या इंग्रज वाद्यवृंदाविषयी वाद चालला होता. लिव्हरपूलच्या चार तरुणांनी १९६० नंतरच्या दशकात निम्म्या जगाच्या मुलांस केस वाढवावयास लाविले, पोशाख बदलावयास लाविला, गाणे म्हणजे काय याची कल्पनाच पालटली, असे एकाचे म्हणणे. 'आपल्याकडे असे कधी झाले आहे का?' असे त्याने आम्हांस विचारिले. आम्ही म्हणालो, 'झाले आहे. आणि तुमच्या आजोबांच्याही आधी झाले आहे.' त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे गंधर्व नाटक मंडळी होती.

बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस या तिघांनी १९१३ साली ही मंडळी काढिली. बालगंधर्वांस शाहू छत्रपतींचा लोभ लाभलेला, आणि टेंबे तर आमच्या करवीरचेच. तेव्हा या इतिहासावर कोल्हापूरकरांचा थोडा हक्क आहे. बालगंधर्व रंगभूमीवर जसे लुगडे नेसत, जसा अंबाडा घालीत व त्यावर जशी फुले माळीत, तसेच घरोघरच्या स्त्रिया करू लागल्या, असे त्या काळाविषयी लिहिणारे बहुतेक सर्व सांगतात. स्त्रियांनी स्त्रीत्वाची ढब एका पुरुषापासून शिकावी, यात मौज आहे, तसा विषादही आहे. ज्या समाजाने कुलीन स्त्रीस रंगभूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, त्यानेच पुरुषाने घडविलेली स्त्री तिच्यापुढे आदर्श म्हणून ठेविली. पुढे प्रत्यक्ष स्त्रिया रंगभूमीवर आल्या, तेव्हा त्यांचे मोजमापही त्याच गजाने झाले. प्रभाव मोठा होता, म्हणून तो सर्वांशी हितकर होता, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु नेसण्याची ढब पिढीबरोबर गेली. जे राहिले ते निराळे आहे. १९१६ साली 'स्वयंवर' नाटक रंगभूमीवर आले. त्याच्या पदांस चाली दिल्या त्या भास्करबुवा बखले यांनी. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या पचविलेला हा गवई. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी असता त्यांच्यापाशीही बुवा शिकलेले. त्यांनी भूप, यमन, बिहाग, भीमपलास हे राग नाटकास आलेल्या माणसाच्या पदरात सरळ टाकिले. तो माणूस कोण होता? पेढीवरचा कारकून, शाळामास्तर, अडत्या, पिटातला विद्यार्थी. साकी, दिंडी, कीर्तनातील चाली यांची त्याच्या कानास सवय. ख्यालगायन दरबारात अन् श्रीमंतांच्या बैठकीत चाले; तेथे त्यास कोण बोलावणार? अशा माणसाने 'आम्हांस बिहाग द्या' अशी मागणी केली नव्हती. तरीही तो त्यास दिला गेला, आणि थोड्याच दिवसांत बोळाबोळांतून मुले त्या चाली गुणगुणू लागली. पुढे अहमदजान तिरखवाँसारखा तबलिया व कादरबक्षांसारखा सारंगिया या मंडळीत साथीस बसला. तिकीट काढून नाटकास आलेल्या माणसास संस्थानिकाच्या तोडीची साथ ऐकावयास मिळाली.

दुसरा दाखला 'एकच प्याला'चा. १९१९ साली हे नाटक आले, तेव्हा बालगंधर्वांचे शालू, दागिने व अत्तरे यांची चर्चा सर्वत्र होती. प्रेक्षक रेशीम पाहावयास येत. त्यांच्यापुढे बालगंधर्व ठिगळे लावलेल्या लुगड्यात, सिंधू होऊन, दळावयास बसले. 'लोकांस हेच रुचते' या न्यायाने तो वेष कधीच अंगावर चढला नसता. लोकांनी मात्र तो डोळे पुसत स्वीकारिला.

बीटल्सांचीही थोरवी आम्हांस येथेच दिसते, केसांत नव्हे. त्यांच्यापैकी जॉर्ज हॅरिसनने १९६५ साली एका गीतात सतार वाजविली व पुढे रविशंकरांपाशी तो शिकावयास बसला. किंकाळ्या फोडणाऱ्या श्रोतृवर्गाने सतार मागितली नव्हती.

यावर एक आक्षेप येईल, व तो वजनदार आहे. लोक कलावंतास वाढवितात तसे बांधूनही ठेवितात. 'वन्समोअर'च्या गजरात एकेक पद इतके लांबे की नाटकाचे कथानक बिचारे विंगेत ताटकळत उभे राही. बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटात संत एकनाथ झाले; परंतु ज्या लोकांनी त्यांस भामिनी व रुक्मिणी म्हणून हृदयात बसविले होते, त्यांचे मन त्या पुरुषवेषात रमले नाही. म्हणजे जी रुची त्यांनीच घडविली, तिनेच त्यांस अडकविले. हे खरे आहे. परंतु यातून निघते काय? रुची घडविता येते, एवढेच नव्हे, तर एकदा घडली की ती हट्टी होते, हेच ना? मग ती घडविण्याची वेळ ज्यांच्या हाती असते, त्यांची जबाबदारी वाढते. कमी होत नाही.

येथे आम्हांस स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची आखणी आमच्याकडे होती. एका विद्यार्थ्याने नाट्यपदासाठी पंधरा मिनिटे मागितली. 'मुले ओरडतील' असे म्हणून आम्ही त्यास पाच दिली, व तीही आरंभी, सभागृह भरत असताना. तो मुकाट्याने गायला. उरलेली संध्याकाळ ध्वनिमुद्रित गाण्यांवरील नाचांनी भरून निघाली. मुले ओरडली असती की नाही, हे आम्हांस कधीच कळणार नाही. कारण आम्ही त्यांस विचारिलेच नाही. आम्ही मुलांच्या रुचीस मान दिला नव्हता, स्वतःच्या भीतीस दिला होता.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेजवळचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू. ज्या केशवरावांनी १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केले, त्यांची जयंती दुसऱ्या दिवशी होती. सारे शहर हळहळले. त्या हळहळणाऱ्यांत असे कितीतरी होते, ज्यांस आम्ही 'लोकांस हे नको आहे' म्हणून कधीच मोजून टाकिले होते.

लोकरुचीचा धनी एकटा कलावंत नव्हे आणि एकटे लोकही नव्हेत. परंतु तिचे विश्वस्त पुष्कळ आहेत. शिक्षक, संपादक, मंडळाचे कार्यवाह, सारेच त्यांत आले. विश्वस्ताने ठेव वाढवावी. निदान 'धन्यास हेच हवे होते' असे सांगून ती खर्चून टाकू नये. पुढील संमेलनाची आखणी पुन्हा आमच्याकडे आली, तर त्या पंधरा मिनिटांपासून आरंभ करावयाचे आम्ही ठरविले आहे, आणि तीही सभागृह भरल्यावर.