शौलाच्या उशाजवळचा भाला

एखाद्या मनुष्याने अद्याप कोणाचा घात केलेला नाही, परंतु तो तोंडाने घाताची भाषा बोलत आहे आणि त्याच्या घरी बंदूक आहे, तर ती बंदूक सरकारने त्याजपासून काढून घ्यावी काय? आणि ही गोष्ट ज्या शेजाऱ्यास ठाऊक आहे, त्याने ती ठाण्यावर जाऊन सांगावी काय? हा प्रश्न शहरांतील लोकांचा आहे, असे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस वाटेल. पण तसे नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांत जमिनीचा बांध, नीरा डाव्या कालव्याची पाणीपाळी, साखर कारखान्याची निवडणूक आणि भाऊबंदकी यांवरून मने कशी पेटतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. 2024 च्या फेब्रुवारीत उल्हासनगर येथे जमिनीच्या वादावरून खुद्द पोलिस ठाण्यात गोळ्या झाडल्या गेल्या व त्याबद्दल एका आमदारास अटक झाली. पुढच्याच महिन्यात इंदापूर येथे महामार्गावरील एका भोजनगृहात जेवावयास बसलेल्या मनुष्यास पिस्तूल व कोयते घेऊन आलेल्यांनी ठार मारिले. राग पूर्वीही होता. परंतु हाती पिस्तूल असले म्हणजे राग आणि पश्चात्ताप यांच्यामध्ये एका क्षणाचेही अंतर राहत नाही.

कायदा काय म्हणतो हे प्रथम पाहू. 1959 च्या हत्यार कायद्याच्या कलम 17 अन्वये, सार्वजनिक शांततेसाठी अवश्य वाटल्यास, परवाना देणारा अधिकारी तो तहकूब किंवा रद्द करू शकतो. आमच्या ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याचा आहे. मात्र त्याने आपली कारणे लिहून ठेविली पाहिजेत, आणि ज्याचा परवाना गेला त्यास कलम 18 प्रमाणे अपील करण्याची मुभा आहे. परवाना गेला की हत्यार जवळच्या ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावे लागते. याहून निकडीचे कलम 22 आहे. अमुक मनुष्याच्या हाती हत्यार राहू दिल्यास शांततेस धोका आहे, असे मानण्यास कारण असेल, तर दंडाधिकारी ते कारण नमूद करून त्याच्या घराची झडती करवू शकतो, आणि हत्यार अवश्य तितका काळ सुरक्षित ठेववू शकतो. मग त्या मनुष्याजवळ रीतसर परवाना का असेना. अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानाने अशाच हेतूचा कायदा 1999 साली केला. आमच्या देशात हा अधिकार त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून आहे. घरातील स्त्रीवर जुलूम होत असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील नियमांप्रमाणे, दंडाधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाने, संरक्षण अधिकारी त्या जुलमात वापरलेले हत्यार ताब्यात घेऊ शकतो. बिनपरवान्याचे पिस्तूल तर बाळगणे हाच मुळी गुन्हा आहे.

आता याजवर पहिली हरकत अशी की, कृत्य घडण्यापूर्वीच मनुष्यास दोषी धरणे हा अन्याय होय. ही हरकत हलकी नाही, आणि बारामतीच्या लोकांनी तर ती हलकी मानूच नये. 1871 साली इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पुढे अशा लोकांच्या वसाहती झाल्या. तेथे हजेरी द्यावी लागे व परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. त्यांपैकी एक वसाहत बारामतीस होती, आणि तिची देखरेख ऑस्ट्रेलियातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या मिशनकडे होती. त्या मिशनऱ्यांनी पुष्कळ दया केली, हे आम्ही कृतज्ञतेने मानितो; तथापि ज्या कायद्याखाली ती दया झाली, तो कायदा मनुष्याच्या कृत्याकडे न पाहता त्याच्या जन्माकडे पाहत होता. स्वतंत्र भारताने तो 1952 साली रद्द केला, हे योग्यच झाले. यावरून आम्हांस एवढे शिकावयाचे की, जात, गरिबी, जुने वैर किंवा गावातील कुजबुज यांवरून कोणास धोकेबाज ठरवू नये. मनुष्याने स्वतः काय बोलले, काय केले, हेच पाहावे.

परंतु मनुष्यास बांधून ठेवणे निराळे, आणि त्याच्या हातातील हत्यार काही काळ बाजूस ठेवणे निराळे. हा भेद शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात जसा दिसतो, तसा आम्हांस दुसरीकडे क्वचितच दिसतो. शौल राजाने आपल्या घरात दाविदावर भाला फेकिला. एकदा नव्हे, पुन्हाही. भोजनाच्या वेळी त्याने पोटच्या पुत्रावर, योनाथानावरही तो उगारून फेकिला. राजाचा स्वभाव कसा झाला आहे हे सर्व दरबारास ठाऊक होते, तरी भाला त्याच्या हातीच राहिला. पुढे सव्विसाव्या अध्यायात दावीद रात्री छावणीत शिरला, तो शौल निजलेला व भाला त्याच्या उशाशी रोविलेला. अबीशय म्हणाला की एका घावात याचा शेवट करू द्या. दाविदाने त्यास मना केले. राजाच्या अंगास त्याने हात लाविला नाही. फक्त भाला व पाण्याचा तांब्या उचलिला, दूर डोंगरमाथ्यावर गेला, आणि सर्वांच्या देखत आपण काय केले व का केले ते सांगितले. मग म्हणाला की एक तरुण पाठवा व भाला घेऊन जा.

वाचकहो, या गोष्टीत तीन खुणा आहेत. देहास इजा केली नाही. कारण उघडपणे सांगितले. आणि वस्तू आपली करून न घेता परत दिली. ज्या अधिकाऱ्याच्या करण्यात या तीन खुणा आहेत, त्याने हत्यार नेले तर ती शिक्षा नव्हे, रक्षण होय. जेथे कारण लिहिले जात नाही, पावती मिळत नाही, अपील ऐकिले जात नाही, अथवा बलवानाची बंदूक राहते व दुबळ्याची जाते, तेथे आमची हरकत पुन्हा जिवंत होते, व ती बोलून दाखविणे हे आमचे कर्तव्य आहे.

दुसरी हरकत अशी की, शेजाऱ्याविषयी ठाण्यावर सांगणे ही चहाडी होय, आणि आपल्याच भावकीतील किंवा मंडळीतील मनुष्याविषयी सांगणे हा तर विश्वासघात. यास उत्तर मागच्याच अध्यायात आहे. नाबालाने दाविदाचा अपमान केला, तेव्हा दाविदाने चारशे लोकांच्या कमरेस तलवारी बांधविल्या व निरपराध्यांसकट ते घर बुडविण्यास निघाला. त्या वेळी एक चाकर धावत अबीगईलेकडे गेला व त्याने खरे ते सांगितले. तिने वाट अडविली, आणि रक्त सांडले नाही. दाविदाने त्याबद्दल राग धरिला काय? उलट, आपल्या हातून खून होऊ दिला नाही म्हणून त्याने देवाचे व त्या बाईचे आभार मानिले. ज्यास पंचविसाव्या अध्यायात दुसऱ्यांनी आवरिले, तोच सव्विसाव्यात दुसऱ्याचा भाला काढून घेतो, हे ध्यानात ठेवावे. चहाडखोर दुसऱ्याचे नाव बुडविण्यास बोलतो. तो चाकर जीव वाचविण्यास बोलला, आणि जिला काही करता येईल तिलाच बोलला. आपण भावाचे राखणदार आहोत काय, असे विचारणारा काईन होता. हे उत्तर आमच्या मुखी शोभत नाही.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व मंडळीच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. कोणी अमक्यास गोळी घालीन असे म्हणत असेल, बायकोपोरांस बंदुकीचा धाक घालीत असेल, किंवा खिन्न होऊन आपल्याच जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर ते दारूचे बोलणे म्हणून सोडून देऊ नका. वेळ असेल तर घरच्यांस सांगून त्याचे मन वळवा. स्वखुशीनेही हत्यार ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे सांभाळण्यास ठेविता येते. वेळ नसेल तर 112 या क्रमांकावर किंवा आपल्या ठाण्यास कळवा. जे कानांनी ऐकिले व डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा. ऐकीव गोष्टीची भर घालू नका, व जुना हिशेब चुकविण्यास ही वाट धरू नका, कारण खोटी साक्ष हेही हत्यारच आहे. भरलेली बंदूक हिसकावून घेण्यास स्वतः पुढे होऊ नका. ते काम ज्यांस शिकविले आहे त्यांचे आहे.

आणि हत्यार गेल्यावर तुमचे काम संपले असे समजू नका. ज्याच्या घरातून ते गेले, त्याच्या घरी आता कोणी जाणार नाही. तेथे तुम्ही जा. सरकार हातातील लोखंड काढू शकते, अंतःकरणातील द्वेष काढू शकत नाही. बांधाचा तंटा मिटविणे, दोघां भावांस एका पंगतीस बसविणे, त्याजबरोबर व त्याजसाठी प्रार्थना करणे, ही सेवा प्रभूने मंडळीकडे सोपविली आहे. ती झाली तर एके दिवशी तो भाला परत देण्यास आम्हांस भय वाटणार नाही, आणि कदाचित त्यास तो परत मागावासाही वाटणार नाही.