आणण्याआधी विवेक, आणल्यावर निष्ठा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आजच्या गुरुवारच्या चिंतनाचा विषय पाहून काही जण हसतील. विषय आहे, कुत्र्याचं पिल्लू घ्यावं की नाही! पण आमच्या घरात या प्रश्नावर आठ दिवस जेवणं नीट झाली नाहीत, आणि त्यातून जे उमगलं ते आपल्यासमोर ठेवावंसं वाटलं.

आमच्या नातीला पिल्लू हवं होतं. इंदूरमध्येच एकाकडे लॅब्रॅडॉरची पिल्लं होती. सगळी बघून झाल्यावर नात नेमकी कोपऱ्यातल्या एका मादीपाशी बसली. विकणारा माणूस प्रामाणिक. तो आपणहूनच म्हणाला, "हिच्या बेंबीपाशी गाठ आहे, पोटात जंतही आहेत. बाकीची 15,000 ला, ही 9,000 ला घेऊन जा."

घरी येताना हे म्हणाले, "पैसे देऊन दुखणं विकत घ्यायचं?" ह्यांचं चुकत नव्हतं. 2009 साली आम्ही बाजारातून एक पिल्लू आणलं होतं. लस दिली आहे का, हेसुद्धा विचारलं नव्हतं. चौथ्या दिवशी ते पार्वोनं गेलं. रात्रभर ह्यांच्या मांडीवर होतं. तेव्हापासून ह्यांनी कुत्र्याचं नाव काढलं नव्हतं. दोष कोणाला द्यायचा? आम्हीच काही पाहिलं नव्हतं.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. एका पायानं थोड्या लंगडतात, लहानपणापासून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्हालाही असंच उजेडात उभं करून बघायचे गं. चालून दाखव म्हणायचे. मला तिघांनी नाकारलं. तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, पाय दुखतो का? एवढंच."

आम्ही सगळे गप्प झालो. नात लगेच म्हणाली, "मग आणू या ना, आजी!" तर सासूबाईंनी तिलाही थांबवलं. "दया आली म्हणून आणू नका. दया दोन दिवसांत ओसरते. तिचं करणार कोण, ते आधी ठरवा."

मंडळी, आमच्या मते सगळं प्रवचन या दोन वाक्यांत आलं.

धर्मराजाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. स्वर्गाच्या दाराशी पोचला, पण मागून आलेल्या कुत्र्याला सोडून आत जायला तयार झाला नाही. आश्रयाला आलेल्याला टाकणार नाही म्हणाला. आणि ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघाला. आपण इथे एक बारकावा विसरतो. त्या कुत्र्याला धर्मराजानं निवडून आणलं नव्हतं, ते आपणहून मागे आलं होतं. आपण मात्र निवडून आणणार असतो. म्हणून आपल्यावर दोन कर्तव्यं येतात. आणण्याआधी डोळे उघडे ठेवायचे, आणि एकदा उंबरठा ओलांडून घेतलं की मग स्वर्ग मिळाला तरी सोडायचं नाही. पहिल्याला विवेक म्हणतात, दुसऱ्याला निष्ठा. विवेकाशिवायची दया पिल्लालाच भोवते. आम्ही 2009 ला हे भोगलं.

तर आधी विवेक केला. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका डॉक्टरांकडे पिल्लू दाखवलं. त्यांनी गाठ बोटानं हलकेच दाबली, ती आत गेली. म्हणाले, हा बेंबीचा हर्निया. लहान आहे, पुष्कळदा सहा महिन्यांपर्यंत आपोआप बुजतो. नाही बुजला तर नसबंदीच्या वेळीच टाके घालता येतात. मात्र गाठ कडक झाली, लाल झाली, दुखू लागली किंवा पिल्लू उलट्या करू लागलं, तर त्याच दिवशी आणायचं, उद्यावर टाकायचं नाही. हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो, म्हणून हिची पिल्लं काढायची नाहीत. जंतांचं तर पिल्लांमध्ये नेहमीचंच, औषधानं जातात. छाती ऐकली, डोळे, कान, दात, चाल पाहिली, लसीचं कार्ड तपासलं. वयही विचारलं, कारण 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही.

मग घरी बसून तिन्ही प्रश्नांची उत्तरं काढली. तिला त्रास आहे का? आज नाही. पुढचा खर्च झेपेल का? झेपेल. रोज करणार कोण? सकाळी हे, संध्याकाळी नात, दुपारी आम्ही.

आणि आणली. जे 6,000 कमी द्यावे लागले ते वाचले असं आम्ही धरलं नाही. देवघरातल्या डब्यात ठेवले, तिच्या शस्त्रक्रियेसाठी. आज ती पाच महिन्यांची आहे. गाठ लहान झाली आहे, गेलेली नाही. कदाचित टाके घालावे लागतील. भीती वाटते, पण आता ती आपल्या माणसाची भीती आहे. ह्यांच्या पायाशी झोपते, आणि हे जागचे हलत नाहीत.

आपल्यातल्याच एका कुटुंबानं असंच पिल्लू बघून नाही म्हटलं. घरात अंथरुणाला खिळलेले वडील, माणसं दोनच. त्यांनी योग्यच केलं. झेपत नसताना नाही म्हणणं हे पाप नाही. आणून मग रस्त्यावर सोडणं, हे पाप आहे.

दत्तगुरूंच्या तसबिरीला आपण रोज हात जोडतो. महाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत. त्यांची जात कोणी विचारत नाही, किंमतही विचारत नाही. ती चरणाशी आहेत, एवढंच पुरे. आपणही सद्गुरूंच्या दारात गेलो तेव्हा कोणते निर्दोष होतो? कोणाचा राग, कोणाचा लोभ, कोणाची चहाडी. त्यांनी सगळं पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग आत घेतलं. त्यानंतर एकदाही परत नेऊन सोडलं नाही.

या आठवड्याची साधना अशी. घरात ज्याच्यात आपण नेहमी उणं काढतो, ती सून असो, भाऊ असो की म्हातारं माणूस, त्याला एकदा फक्त एवढंच विचारावं: "दुखतंय का?" आणि उन्हाळा आहे, दाराबाहेर पाण्याचं एक भांडं ठेवावं.

काही चुकलं असल्यास लहान समजून क्षमा करावी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏